एक पायाळू जयपुरात

जयपूरला जाऊन आलेली माणसं हवामहालासमोर काढलेला फोटो दाखवतात. माझ्याकडे तो नाही. सात दिवस त्या शहरात राहिले आणि हवामहाल पाहिला तो एका मिठाईच्या खोक्यावर. बाकी सगळा वेळ मी लोकांच्या पाठी बघत होते. ज्यांना किल्ले, राजवाडे आणि हत्ती यांची माहिती हवी असेल त्यांनी हे इथेच मिटवून दुसरं काही वाचायला घ्यावं. ज्यांची कंबर दुखते त्यांनी मात्र जरूर पुढे यावं.

माझा धंदा आधी सांगून टाकते, कारण कराडमध्ये तो अजून कुणाला नीट कळलेला नाही. मी फिजिओथेरपी शिकले आणि त्यावर दोन वर्षं कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणके आणि सांधे हातांनी नेमके हलवून मोकळे करायची विद्या. मला काम करायचं होतं ते खेळाडूंचं. खेळाडूचं शरीर हेच त्याचं पोटपाणी, आणि त्याच्याकडे बघायला लहान संघांत कुणीच नसतं. एक बर्फाची पिशवी आणि एक फवारा असतो, तेवढ्यावर हंगाम निघतो. हे सगळं मी आईला तासभर समजावून सांगितलं. आई शेजारच्या काकूंना म्हणाली, "मंजू हाडं मोडायचं शिकून आलीय." काकूंनी विचारलं, "आणि जोडतं कोण?"

दुसरी गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण ती टाळली तर पुढचं काही कळणार नाही. मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते असं आमच्याकडे मानतात, त्यामुळे मला चालता यायला लागल्यापासून आमच्या दारात रोज सकाळी कुणी ना कुणी पाठ करून उभं असायचं. शाळेत जाता जाता मी दोन-तीन लाथा उरकून जायचे. पोस्टमन, भाजीवाली, एकदा तर खुद्द हेडमास्तर. हेडमास्तरांना लाथ मारून वर त्यांच्याकडून लिमलेटची गोळी घेणारी शाळेच्या इतिहासात मी एकटीच असेन.

मी या शिक्षणाकडे वळले ते त्या लाथेमुळेच. माणसं खरंच बरी होऊन जायची आणि का झाली ते मला कळायचं नाही, याचा मला राग यायचा. शिकून परत आले तर गल्लीतली माणसं माझे हात नको म्हणायची, पायच मागायची. भिंतीवर दोन पदव्या लावून मी लाथा मारत होते. अशात जयपूरच्या एका कबड्डी अकादमीला खेळाडूंची शरीरं सांभाळणारं माणूस हवंय असं समजलं. मी अर्ज केला. उत्तर आलं की पाच दिवस येऊन काम दाखवा, ठेवायचं की नाही ते गुरुजी ठरवतील. मिळालं तर मी खेळाडूंची कायरोप्रॅक्टर, नाही तर आहेच आमचं दार. मी दोन दिवसांत तिकीट काढलं.

दुर्गापुरा, मंगळवार

जयपूरच्या दुर्गापुरा स्टेशनवर काका घ्यायला आले होते. काका म्हणजे मावशीचे यजमान, मूळ साताऱ्याचे, विमा कंपनीत अधिकारी, बारा वर्षांपूर्वी बदलीवर जयपूरला आले आणि तिथेच रमले. त्यांचं सातारी बोलणं तसंच आहे, फक्त मधेमधे हिंदीचे खडे लागतात. "मतलब, तू काळजीच करू नको," त्यांनी माझी बॅग स्कूटरच्या पुढे ठेवली. "इथली माणसं लई सभ्य. फक्त मान तेवढी जपून वळव."

मान जपायचं कारण मला वाटेत कळलं. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते. आमच्याकडे संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलायचं असतं, तिथे सगळं गाव गच्चीवर चढून दिवसभर आकाशाकडे बघतं. पतंग काटायचे, ओरडायचं, पुन्हा बघायचं. तारांवर, झाडांवर, मेट्रोच्या खांबांवर पतंगांची लक्तरं लोंबत होती, आणि खाली सगळ्या शहराची मान धरलेली होती. सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला आमच्याकडे वळून बघताना कमरेपासून अख्खा वळला. फळवाला पपई निवडताना मान न हलवता डोळेच फिरवत होता. माझे हात अक्षरशः शिवशिवले. काकांनी स्वतः गळ्याला मफलर गुंडाळला होता, तो थंडीचा नव्हे तर उरल्यासुरल्या मांजाचा बंदोबस्त होता.

मानसरोवर नावाच्या वस्तीत मावशीच्या घरी पोचताच गजकाचा डबा समोर आला. गजक म्हणजे आपल्या तिळाच्या वडीची अंगाने हलकी, बोलायला गोड, पण दातांना दगा न देणारी बहीण. मी पाऊण डबा संपवला. आईचा फोन आला. ती म्हणाली, "उद्या त्या गुरुजींना आधी खाली वाकून नमस्कार कर. विद्या नंतर दिसते, वळण आधी दिसतं." मी हो म्हटलं. इतक्या साध्या गोष्टीत काही चुकेल असं मला वाटायचं कारणच नव्हतं.

मॅटवर, बुधवार

अकादमी वैशाली नगरच्या पुढे, वस्ती विरळ होते तिथे. पत्र्याची उंच शेड, आत निळा-पिवळा मॅट, आणि सकाळच्या थंडीत वाफा सोडत धावणारी चौदा मुलं. मुलं म्हणायचं ते वयाने, अंगाने एकेकजण दार अडवील असा. मॅटच्या कडेला खुर्चीजवळ गुरुजी उभे होते. साठीचे, सहा फुटांच्या वर, पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडीवजा शाल. त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात, मीही तेच म्हणते.

काका स्कूटर लावत होते. मी पुढे झाले आणि आईने सांगितल्याप्रमाणे पटकन वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेले.

गुरुजींनी साप दिसल्यासारखी मागे उडी मारली. "अरे ना ना बेटा, बेटी पग कोनी लागै," एवढं त्यांच्या तोंडून निघालं आणि पुढचा शब्द अर्ध्यात राहिला. त्यांचा एक हात कमरेवर गेला, दुसरा हवेत. साठ वर्षांचा तो उंच माणूस काटकोनात वाकून तसाच थांबला. चौदा मुलं धावायची थांबली.

काका पळत आले आणि त्यांनी मला कानात सांगितलं की त्या भागात मुलीने मोठ्यांच्या पाया पडायचं नसतं. मुलगी म्हणजे देवी, तिने पाय धरले तर मोठ्यांना पाप लागतं. उलट मोठेच लेकीबाळींच्या पाया पडतात. "हे मला आधी सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं. काका म्हणाले, "मतलब, तू पहिल्याच मिनिटाला वाकशील असं कुठं वाटलं होतं?"

ज्या माणसाने माझं भवितव्य ठरवायचं त्याला मी पहिल्या मिनिटात, नुसत्या नमस्काराने, कायमचं वाकवलं होतं. मला रडू यायच्या बेतात होतं. पण हात शिकलेले होते, त्यांनी रडायला वेळ दिला नाही. मी दोन मुलांना हाताशी घेतलं आणि गुरुजींना मॅटवर कुशीवर निजवलं. पायात जोर आहे का, बोटं हलतात का, कळ खाली उतरते का, सगळं तपासलं. सुदैवाने काही गंभीर नव्हतं. थंडीत आखडलेली कंबर, त्यात ती उडी. चणक भरली होती, म्हणजे आपली उसण.

"मी हाताने मोकळं करते," मी म्हटलं. गुरुजींनी डोळे मिटले होते. आणि या क्षणी काकांना वाटलं की आपण भाचीच्या मदतीला धावलं पाहिजे.

"गुरुजी, चिंता मत करो," काका म्हणाले. "हमारी मंजू उल्टी पैदा हुई है।"

गुरुजींनी डोळे उघडले. पाठदुखीला पायाळूची लाथ ही फक्त आमच्या गल्लीची अंधश्रद्धा नाही, हे मला तेव्हा कळलं. ती थेट राजस्थानपर्यंत पोचलेली आहे. गुरुजी माझ्याकडे अशा आदराने बघायला लागले की तसं माझ्या दोन्ही पदव्यांकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. "तो मार ना, बेटा," ते म्हणाले. "हाथ क्यूँ लगा रही है?"

ज्या लाथेपासून सुटायला मी तेराशे किलोमीटर आले होते, ती माझ्या आधी येऊन मॅटवर बसली होती. मी काकांकडे असं पाहिलं की ते स्कूटर नीट लावली का ते बघायला बाहेर गेले.

मी निक्षून सांगितलं की आधी हात. वीस मिनिटं खपले. स्नायू सैल केले, मग कुशीवरच त्यांचा खांदा मागे आणि मांडी पुढे धरून नेमका झटका दिला. कट्ट असा स्वच्छ आवाज आला. गुरुजी सावकाश उठून बसले, उभे राहिले, सरळ झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी घाम पुसत विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"बारह आना ठीक है," गुरुजी म्हणाले. "चार आना लात में बाकी है।"

आणि ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. सहा फुटी पाठ, चौदा प्रेक्षक, पाच दिवसांची परीक्षा. आलिया भोगासी असावे सादर, असं म्हणून मी बूट काढला, मोजा काढला आणि थंडगार तळवा त्यांच्या कमरेला तीनदा टेकवला. त्यासाठी मला खुर्चीवर चढावं लागलं. गुरुजींनी समाधानाचा एक मोठा सुस्कारा सोडला. "अब आया आराम," ते म्हणाले. दोन वर्षांच्या विद्येचं सगळं श्रेय माझ्या डाव्या पायाला गेलं.

गुरुवार आणि शुक्रवार: पाठींची रांग

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये शिरले तर तेरा खेळाडू भिंतीकडे तोंड करून रांगेत उभे होते. सदरे वर खोचलेले, पाठी तयार. दोघांनी मोबाइल लावून ठेवले होते, कारण मान मोडल्याचे आवाज ऐकवणारे व्हिडिओ त्यांनी पाहिले होते आणि लाथेचाही आवाज येईल अशी त्यांना आशा होती.

मला आधी संताप आला. मग मी रांगेकडे नीट पाहिलं. या मुलांनी वर्षानुवर्षं आपलं दुखणं कुणाला सांगितलं नव्हतं. दुखतंय म्हटलं की संघातून नाव जातं, म्हणून तोंडाला कुलूप. आणि आज लाथेच्या लोभाने ती आपण होऊन पाठी उघड्या करून उभी होती. मी त्यांना वळायला लावलं आणि नियम सांगितला. ज्याला लाथ हवी त्याने आधी पूर्ण तपासणी करून घ्यायची, जे दुखतं ते खरं सांगायचं, सांगितलेले व्यायाम करायचे. मग लाथ. खोटं बोलणाऱ्याला पाय लागू पडत नाही, असंही मी दडपून दिलं. ही थाप होती, पण तिच्याइतकी उपयोगी थाप मी आयुष्यात मारलेली नाही.

मग काय, गंगा वाहायला लागली. एकाचा खांदा दोन वर्षं अर्धाच वर जात होता. एकाने घोटा मुरगळलेला असताना तीन सामने खेळले होते. एकाला काहीच झालं नव्हतं, पण सगळ्यांना लाथ मिळतेय म्हणून तो उभा होता. आठजणांच्या माना पतंगाने धरलेल्या होत्या. मी हाताने सांधे मोकळे केले, पट्ट्या बांधल्या, वहीत नोंदी केल्या आणि शेवटी प्रत्येकाच्या पाठीला तळवा टेकवला. त्यांना वाटायचं, शेवटच्या दोन सेकंदांनी काम झालं.

दुपारी मुलं मला जेवायला बसवायची. जाड बाजरीची रोटी, वर तुपाची धार, लसणाची लाल चटणी, गूळ, कढी. बाजरी मला नवी नव्हती, भोगीला आम्हीही तीळ लावलेली भाकरी खातो. पण आग्रहाची तऱ्हा निराळी. आपल्याकडे यजमान वाढतो आणि पाहुणा ताटावर आडवा हात धरतो. तिथे ताटावर हात धरून उपयोग नाही, कारण घास सरळ तोंडाशी येतो. मनवार म्हणतात त्याला. तेरा राक्षसी हातांनी तेरा घास पुढे केले. त्या दुपारी माझ्याच कमरेला कुणी लाथ मारली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी काका विचारायचे, "गुरुजी काय म्हणाले?" गुरुजी काहीच म्हणत नसत. खुर्चीवर बसून बघत असत. चांगलं खेळलेल्यालाही ते काही बोलत नसत, आणि वाईट खेळलेल्यालाही. त्यांच्या मनात काय चाललंय ते मुलांनाही कधी कळलेलं नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला होता.

शनिवार: कानाराम

चौदावा खेळाडू रांगेत कधीच उभा राहिला नाही. त्याचं नाव कानाराम. संघाचा मुख्य चढाईपटू, वारं पकडता येईल पण तो नाही, असा. रविवारच्या सामन्याला एका सरकारी खात्याची माणसं येणार होती, खेळाडूंच्या कोट्यातून एकाला नोकरी द्यायची होती, आणि तो एक म्हणजे कानाराम हे सगळे धरून चालले होते.

शनिवारी सराव संपल्यावर तो मॅटवरून उतरला, चपला घातल्या आणि माझ्याकडे चालत आला. निम्म्या वाटेत त्याची उजवी चप्पल निसटून मागे राहिली. तो तसाच एका चपलेने येत राहिला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला तरी त्याला पत्ता नव्हता.

"मैडम, मेरे को चेकिंग नहीं चाहिए," तो हळू आवाजात म्हणाला. "सिर्फ लात मार दो।"

मी त्याला म्हटलं, आपल्या पायाकडे बघ. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग तो खाली बसला आणि सांगायला लागला. दीड महिना कमरेतून कळ येत होती. मग कळ थांबली, तर त्याला वाटलं बरं झालं. त्यानंतर पाऊल बधिर झालं. मी त्याला टाचांवर चालायला लावलं, उजवं पाऊल उचलेना. अंगठा वर ताण म्हटलं, मी एका बोटाने तो सहज खाली दाबला. कमरेतली गादी सरकून शीर दबत होती. अशा पाठीवर हाताचा झटकासुद्धा द्यायचा नसतो. त्याला तातडीने मणक्यांच्या डॉक्टरकडे जायला हवं होतं, आणि मॅटवर एक पाऊलही टाकायला नको होतं.

"पण सगळ्यांचं बरं झालं की," तो म्हणाला, त्याच्या हिंदीत. "माझंच का नाही? एक लाथ तर आहे."

त्या वेळी मला माझी खरोखर लाज वाटली. गंमत म्हणून, नोकरी मिळावी म्हणून, मी दोन दिवस त्या मुलांना लाथा वाटल्या होत्या. आता हा पोरगा आयुष्यभराचा पाय पणाला लावून माझ्याकडे पाठ करून बसला होता. माझ्या लाथेवर त्याचा विश्वास होता. मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला असता तर चाललं असतं, हा त्याच्या पायावर पडणार होता.

मी त्याला सांगितलं, "गुरुजींना तू सांग, नाहीतर मी सांगते." तो रडला, रागावला, उद्याचा एक दिवस मागितला. शेवटी म्हणाला, तुम्हीच सांगा, माझी हिंमत नाही.

आम्ही दोघं गुरुजींसमोर उभे राहिलो. बाकीची मुलं गोळा झाली. मी सांगितलं की कानाराम उद्या खेळणार नाही. उद्याच नव्हे, डॉक्टर म्हणेपर्यंत नाही. गुरुजींनी कानारामच्या पायाकडे पाहिलं. मग विचारलं, "तेरी लात से भी नहीं जाएगा?"

हो किंवा नाही, दोन्हीत माझी नोकरी जात होती. "नहीं जाएगा, गुरुजी," मी म्हटलं. "और आपका भी लात से नहीं गया था। हाथ से गया था।"

कुणी हसलं नाही. चौदाजणांसमोर मी त्यांना सांगितलं होतं की त्यांची चार आण्याची श्रद्धा खोटी होती. गुरुजी शाल सावरत उठले आणि शेडबाहेर गेले. तेरा मुलं माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच त्यांच्या पाठी पुन्हा धरवल्या.

रविवार

कानाराम पोशाख घालून बाकावर बसला होता, आणि गुरुजींनी त्याला शेवटपर्यंत उठवलं नाही. एवढंच. मला त्यांनी रामराम केला नाही की जा म्हटलं नाही. मी कडेला पट्ट्या आणि बर्फ घेऊन बसले आणि संघ तीन गुणांनी हरताना बघितला. शेवटच्या दोन चढाया कानारामने केल्या असत्या तर जिंकलो असतो, हे प्रेक्षकांतल्या बायकांनाही कळत होतं. खात्याची माणसं चहा पिऊन निघून गेली.

ज्याच्या पाठीवर मी सकाळी पट्टी बांधली होती त्याने माझ्याकडे न बघता ती सोडून टाकली. एकट्या कानारामने मी निघताना मान हलवली, तीही कशासाठी ते मला समजलं नाही. दुसऱ्या दिवशी काका त्याला घेऊन डॉक्टरकडे गेले. भाची उल्टी पैदा झाल्याचं जाहीर केल्याचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी कचेरीतून रजा काढली होती. डॉक्टरांनी मी सांगितलं तेच सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. दुपारच्या गाडीने मी परत निघाले. मावशीने दिलेला गजकाचा डबा रतलाम यायच्या आत मी दुःखाने संपवला.

कराड

घरी आल्यावर तीन आठवडे जयपूरहून काही आलं नाही. पत्र नाही, फोन नाही. मीही केला नाही. कुठल्या तोंडाने करणार? नमस्कार करून माणूस वाकवला, सामना हरवला, पोराची नोकरी घालवली, आणि वर त्यांच्या श्रद्धेवर पाणी ओतून आले. आई विचारायची, "वाकून नमस्कार केलास ना?" मी म्हणायचे, "केला." तिला पुढचं सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मी फार रडायचे त्या दिवसांत, आणि चूक केली असंही वाटायचं नाही. दोन्ही एकदम होत असल्यामुळे जेवण जात नव्हतं.

एका सकाळी फोन वाजला. कानाराम होता. तो गावी, नागौरकडे, घरी विश्रांती घेत होता. डॉक्टरांच्या औषधांनी शस्त्रक्रिया टळेल असं दिसत होतं. पण त्याने फोन त्यासाठी केला नव्हता.

"मैडम, आज खेत में गया था," तो धापा टाकत म्हणाला. "नंगे पाँव। अँगूठे में गोखरू घुस गया। इतना दुखा, मैडम, इतना दुखा कि मैं चिल्ला दिया।"

गोखरू म्हणजे आपला सराटा. त्या अंगठ्यात इतके दिवस काही कळत नव्हतं, आज सराटा रुतलेला कळला होता. तो हसत होता आणि मीही हसत होते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "कुणाच्या पायात काटा गेला म्हणून कुणी हसतं का गं?"

मग कानाराम म्हणाला, "गुरुजी पूछ रहे थे, आप अभी तक आई क्यूँ नहीं?"

"मला कुणी बोलावलंय?" मी विचारलं.

"गुरुजी ने तो उसी शाम, आपके जाने के बाद, सबको बोल दिया था। हम समझे, आपको पता ही है। आपके रहने का कमरा भी रंग के रख दिया।"

मी फोन ठेवला आणि गुरुजींना लावला. पहिल्यांदाच लावला. त्यांनी उचलला आणि मी काही विचारायच्या आत तेच बोलायला लागले. पाच दिवसांत जेवढं बोलले नव्हते तेवढं एका दमात बोलले. वीस वर्षं माझ्याकडे मालिशवाले आले, डॉक्टर आले, फवारेवाले आले, म्हणाले. सगळे एकच सांगतात, गुरुजी, खेळून जाईल. खेळून जाणारी कितीतरी पोरं पुढे काठी घेऊन चालताना मी पाहिली. नहीं खेलेगा, असं मला तोंडावर सांगणारी तूच पहिली. मग तुला ठेवायचं की नाही यात ठरवायचं काय होतं? त्या संध्याकाळीच सगळ्यांना सांगून टाकलं.

"मला नाही सांगितलंत, गुरुजी," मी म्हटलं.

"हाँ," गुरुजी म्हणाले, "तेरे को बोलना रह गया।"

तीन आठवड्यांचा सगळा राग मला एकदम आला. चांगले चार शब्द ऐकवायला म्हणून तोंड उघडलं, आणि रडूच फुटलं. मोठ्याने, थांबेना असं. गुरुजी फोन न ठेवता ऐकत राहिले.

"रो ले, बेटा," ते शेवटी म्हणाले. "आराम से रो ले। सोमवार तक आ जाना।"